वाचक विचारतात: माउंटबॅटन म्हणजे वशिल्याचं तट्टू होतं का?

मागच्या अंकात स्वातंत्र्यदिनाच्या पानावर माउंटबॅटनचा फोटो छापला होता, नौदलाचा पांढरा युनिफॉर्म, छातीवर मेडलांची गर्दी, आणि खाली एवढंच लिहिलेलं की हा शेवटचा व्हाइसरॉय. त्या एका फोटोवरून इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की यावेळचं सदर त्यालाच देऊन टाकतोय. फाळणी, रॅडक्लिफ, काश्मीर यावरचे प्रश्न मुद्दाम बाजूला ठेवलेत कारण त्यावर आपल्याकडे खंडीभर लिहून झालंय. पण हा माणूस मुळात दर्यावर्दी होता आणि त्या बाजूबद्दल मराठीत फारसं कोणी बोलत नाही, म्हणून तेवढेच प्रश्न निवडलेत.

प्रश्न (सातारा): व्हाइसरॉय म्हणजे सरकारी पदाधिकारी, मग फोटोत नौदलाचा ड्रेस कशाला? आणि तो खरंच राजघराण्यातला होता का, की नुसता लॉर्ड?

ड्रेस बरोबरच आहे हो. व्हाइसरॉयपद ही त्याच्या नोकरीतली मधली पंधरा महिन्यांची डेप्युटेशन म्हणा, मार्च १९४७ ते जून १९४८, आणि त्यात शेवटचे दहा महिने तर तो व्हाइसरॉय नव्हे, स्वतंत्र भारताचा गव्हर्नर जनरल होता. बाकी आयुष्य सगळं नौदलात. १९१३ च्या मे महिन्यात, तेरा वर्षंही पूर्ण झाली नव्हती तेव्हा, आइल ऑफ वाइट बेटावरच्या ऑस्बर्नच्या नेव्हल कॉलेजात भरती झाला आणि १९६५ साली ब्रिटनच्या तिन्ही दलांचा प्रमुख म्हणून बाहेर पडला. दिल्लीला यायच्या आधी त्याने पंतप्रधान ॲटलींकडून कबूल करून घेतलं होतं की हे काम संपलं की मला परत नौदलात घ्यायचं. आणि खरंच, चाळीस कोटी लोकांच्या देशाचा कारभार पाहून झाल्यावर हा गडी माल्टाला जाऊन साधा रिअर अॅडमिरल म्हणून क्रूझरांच्या एका तुकडीचा कमांडर झाला, वर दोन-तीन साहेब, सगळ्यांना सॅल्यूट. मला त्याच्या चरित्रातली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, कारण एकदा व्हाइसरॉय झालेला दुसरा कोणी घरी बसून आठवणी लिहीत बसला असता.

घराणं म्हणाल तर अस्सल. आई ही व्हिक्टोरिया राणीच्या मुलीची मुलगी, म्हणजे हा राणीचा पणतू. जन्म २५ जून १९००, विंडसरला, आणि राणी तेव्हा हयात होती, बाप्तिस्म्याला तीच गॉडमदर. सख्खी मावशी रशियाच्या झारची बायको, जिला १९१८ मध्ये नवरा आणि मुलांसकट गोळ्या घातल्या. एक बहीण पुढे स्वीडनची राणी झाली, दुसरी बहीण ॲलिस, तिचा मुलगा फिलिप, म्हणजे एलिझाबेथ राणीचा नवरा. फिलिपही नौदलातच होता आणि मामाचं त्याच्यावर बारीक लक्ष असायचं.

प्रश्न (नाशिक): माझा मुलगा एनडीएची तयारी करतोय. तो म्हणतो की माउंटबॅटन निव्वळ घराण्याच्या वशिल्याने वर गेला. मी म्हणते की नौदलात असं चालत नाही. कोण बरोबर?

ताई, दोघंही अर्धे अर्धे बरोबर, पण आधी त्याच्या वडिलांची गोष्ट सांगायला हवी, कारण ती कळल्याशिवाय मुलाचं काही कळत नाही.

वडील प्रिन्स लुई ऑफ बॅटनबर्ग. जर्मन राजघराण्याच्या शाखेतले, पण वयाच्या चौदाव्या वर्षी इंग्लंडला येऊन ब्रिटिश नागरिकत्व घेतलं आणि रॉयल नेव्हीत शिरले. जर्मन उच्चार शेवटपर्यंत गेला नाही म्हणे, पण अधिकारी म्हणून अतिशय हुशार, आणि १९१२ च्या शेवटी फर्स्ट सी लॉर्ड झाले, म्हणजे नौदलातलं सर्वोच्च पद. जुलै १९१४ च्या अखेरीस आरमाराचा मोठा सराव नुकताच आटोपला होता, जहाजं आपापल्या बंदरांकडे पांगणार होती आणि युरोपात वातावरण तापत चाललेलं. तो रविवार होता, नौदलमंत्री चर्चिल गावाला गेलेले, आणि प्रिन्स लुईंनी हुकूम काढला की जहाजं पांगवायची नाहीत. नऊ दिवसांत युद्ध लागलं आणि आरमार तयार उभं होतं. एवढं करूनही तीन महिन्यांत त्यांना जावं लागलं, कारण पेपरांतून आणि निनावी पत्रांतून ओरड सुरू झाली की नौदलाचा प्रमुख जर्मन कसा. २८ ऑक्टोबर १९१४ ला राजीनामा. चूक काही नाही, फक्त आडनाव. पुढे १९१७ मध्ये राजानेच सगळ्या जर्मन पदव्या सोडायला लावल्या तेव्हा बॅटनबर्गचं माउंटबॅटन झालं.

मुलगा तेव्हा ऑस्बर्नला कॅडेट होता, चौदा वर्षांचा. झेंड्याच्या काठीपाशी एकटाच सावधान उभा राहून रडत होता असं सांगतात. बापाची खुर्ची परत मिळवायची हे त्या दिवसापासून डोक्यात बसलं असं तो स्वतःही नंतर सांगायचा, आणि ती मिळवलीही, १८ एप्रिल १९५५ ला, म्हणजे चाळीस वर्षं उलटून गेल्यावर.

आता वशिला. होता, भरपूर होता. १९२०-२१ ला प्रिन्स ऑफ वेल्सच्या जगभरच्या दौऱ्यांवर एडीसी, म्हणजे दिमतीचा अधिकारी, म्हणून रिनाउन जहाजातून फिरायला मिळालं ते तो राजपुत्राचा नात्यातला म्हणूनच. त्याच दौऱ्यात तो नोव्हेंबर १९२१ मध्ये मुंबईला उतरला, आणि त्या दिवशी मुंबईत काय झालं ते तुम्हाला माहीतच असेल, बहिष्कार, परदेशी कपड्यांची होळी, मग दंगल आणि गोळीबार. दिल्लीत पोचल्यावर एडविनाला लग्नाचं विचारलं, ती बँकर सर अर्नेस्ट कॅसलची नात, आजोबांची लाखो पौंडांची इस्टेट तिला नुकतीच मिळालेली. त्यामुळे हा लेफ्टनंट पोलोचे घोडे बाळगायचा, महागड्या गाड्या उडवायचा, आणि मेसमधले बाकीचे ऑफिसर जळायचे, त्यांचं काय चुकलं म्हणा.

पण गंमत अशी की मिरवायच्या जागा सोडून त्याने शाखा निवडली ती सिग्नल्सची, वायरलेसची. पोर्ट्समथच्या सिग्नल स्कूलचा लाँग कोर्स, सर्किटं, फ्रीक्वेन्सी, गणित, तिथे पणजी राणी असून काही उपयोग नाही, सेट बंद पडला की पडला. त्यात तो वरच्या नंबराने पास झाला, पुढे तिथेच शिकवायला लागला आणि भूमध्य समुद्रातल्या आरमाराचा वायरलेस ऑफिसर झाला. जहाजाने शेजारच्या जहाजापासून ठरलेलं अंतर राखून चालावं यासाठी त्याने एक यंत्रणा बनवली, तिचं १९३९ मध्ये पेटंटही मिळालं. ओर्लिकॉन ही २० मिलिमीटरची विमानविरोधी तोफ रॉयल नेव्हीने घ्यावी म्हणून युद्धाआधीपासून वरिष्ठांच्या मागे लागलेल्यांतला तो एक होता, आणि युद्धात ती तोफ किती कामाला आली ते सगळ्यांनी पाहिलं.

तेव्हा माझं मत विचाराल तर असं की प्रमोशन त्याला फक्त वशिल्याने मिळाली हे खोटं. वशिल्याचा खरा फायदा वेगळाच झाला. चूक झाल्यावर दुसऱ्याची कारकीर्द जिथे संपली असती तिथे याची संपली नाही. बाप काही चूक नसताना घराण्यापायी गेला आणि मुलगा चुका करूनही घराण्यापायी तरला. पुढच्या उत्तरांत ते दिसेलच.

प्रश्न (ठाणे): मी मर्चंट नेव्हीतून रिटायर झालो. कॅप्टन म्हणून माउंटबॅटन कसा होता? आमच्यात असं म्हणायचे की जहाज हातात दिलं की तो बुडवणार.

कॅप्टनसाहेब, तुमच्यात जे म्हणायचे ते रॉयल नेव्हीतही म्हणायचे. केली नावाची विनाशिका त्याला मिळाली १९३९ ला, कोरी करकरीत, आणि तो तिच्यासह पाचव्या फ्लोटिलाचा, म्हणजे विनाशिकांच्या तुकडीचा, प्रमुख. त्याला वेगाचा भयंकर सोस, समुद्र खवळलेला असला तरी जहाज फुल स्पीडला. डिसेंबर १९३९ मध्ये टाइन नदीच्या मुखाजवळ सुरुंगाने नुकसान, दुरुस्ती. मार्च १९४० मध्ये बर्फाच्या वादळात आपल्याच गुरखा नावाच्या जहाजाला धडक, परत दुरुस्ती. मे १९४० मध्ये उत्तर समुद्रात रात्री जर्मन टॉर्पेडो बोटीने बॉयलर रूमच्या बाजूला भगदाड पाडलं, २७ माणसं गेली.

पण इथे त्याची दुसरी बाजू दिसते. जहाज इतकं कललं होतं की एका बाजूचा कठडा पाण्याला टेकायला आलेला. जहाज सोडून देऊन बुडवा असा सल्ला मिळत होता, तो त्याने मानला नाही. टॉर्पेडो, डेप्थ चार्ज, दारूगोळा, नांगराचे साखळदंड, जे जे जड ते समुद्रात फेकायला लावलं, बहुतेक खलाशांना दुसऱ्या जहाजांवर पाठवलं आणि मूठभर लोकांना घेऊन स्वतः थांबला, आणि दोराने ओढत ओढत जवळजवळ चार दिवसांनी, मधे विमानांचे हल्ले सोसत, केली जिथे बांधली गेली त्याच हेबर्नच्या गोदीत परत आणली. टॉर्पेडो लागला तेव्हा एक पोरगा घाबरून आपली जागा सोडून पळाला होता, युद्धकाळात त्याची शिक्षा काय असू शकते ते तुम्हाला सांगायला नको. माउंटबॅटनने सगळ्यांसमोर त्याचं नाव न घेता सांगितलं की त्याला मी समज देऊन सोडतोय आणि स्वतःलाही समज देतोय, कारण असा प्रसंग आला तर काय करायचं हे तुम्हाला शिकवायला मीच कमी पडलो. हाताखालची माणसं त्याच्यावर जीव टाकायची ती यामुळे.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, केली गोदीत असल्यामुळे हा जॅव्हलिन या दुसऱ्या विनाशिकेवरून फ्लोटिला चालवत होता. इंग्लिश खाडीच्या तोंडाशी रात्री जर्मन विनाशिका समोर आल्या, सरळ अंगावर जायच्या ऐवजी याने जहाजं वळवून त्यांच्या समांतर नेली, म्हणजे शत्रूला अख्खी कूस दाखवली, आणि जॅव्हलिनला दोन टॉर्पेडो बसून पुढचं आणि मागचं अशी दोन्ही टोकं उडाली, चाळीसच्या वर खलाशी मेले. जर्मन निसटून गेले. नौदलात यावर बरीच टीका झाली, पण पद शाबूत.

केली शेवटी गेली २३ मे १९४१ ला, क्रीट बेटाच्या दक्षिणेला. सकाळी जर्मनांच्या स्टुका बॉम्बर विमानांची धाड आली, सोबतची कश्मीर नावाची विनाशिका, हो नाव तेच, दोन-तीन मिनिटांत गेली. केली तीस नॉटच्या वर वेगाने करकचून वळत होती तेव्हाच बॉम्ब बसला, आणि ती त्या वळणातच कलंडली ती उलटीच झाली, इंजिन चालू, पाण्यात पुढे सरकतेय आणि तळ वर. माउंटबॅटन ब्रिजवर होता, तो जहाजाबरोबर पाण्याखाली गेला आणि खालून पोहत कसाबसा वर आला. केलीवरचे सव्वाशेच्या वर मेले. पोहणाऱ्यांवर विमानं मशीनगन चालवत होती, तरी किपलिंग या तिसऱ्या विनाशिकेने तासन्‌तास तिथे थांबून दोन्ही जहाजांचे मिळून पावणेतीनशेच्या वर लोक उचलले. माझं प्रामाणिक मत, त्या दिवशी कोणी चुकलं असेल तर विमानांचं छत्र नसताना जहाजं तिथे पाठवणारे वरचे लोक. तिथे याला दोष देण्यात अर्थ नाही. पण आधीचा हिशेब मांडला तर चांगला नेता आणि बेताचा जहाजचालक, हेच खरं.

प्रश्न (पुणे): त्याने युद्धनौका गुलाबी रंगवल्या होत्या हे खरं की फॉरवर्ड?

खरं आहे! १९४० मध्ये ताफ्यासोबत जाताना त्याच्या लक्षात आलं की एका प्रवासी कंपनीचं जहाज, ज्याचा जुना फिकट जांभळट रंग अजून तसाच होता, संध्याकाळी बाकीच्यांच्या आधी दिसेनासं होतं. याने लगेच आपल्या फ्लोटिलाला करड्यात लाल मिसळून तसला रंग फासला, त्याला माउंटबॅटन पिंक म्हणतात. पहाटे-संध्याकाळी ठीक, दुपारी मात्र उठून दिसायचा, त्यामुळे दोनेक वर्षांत मागे पडला.

प्रश्न (नागपूर): दिएपच्या हल्ल्याबद्दल त्याच्यावर काही कारवाई का झाली नाही?

हा प्रश्न कॅनडात अजून विचारतात. झालं असं की ऑक्टोबर १९४१ मध्ये चर्चिलने, म्हणजे ज्या चर्चिलच्या मंत्रिपदाच्या काळात बापाला जावं लागलं त्याच चर्चिलने, माउंटबॅटनला तिन्ही दलांच्या संयुक्त मोहिमांचं काम दिलं, आणि मार्च १९४२ मध्ये त्याचा थेट व्हाइस अॅडमिरल केला, शिवाय लष्करात लेफ्टनंट जनरल आणि हवाई दलात एअर मार्शल असे हुद्देही. वय ४१, मूळ हुद्दा कॅप्टनचा. म्हाताऱ्या अॅडमिरलांच्या तळपायाची आग मस्तकात गेली नसती तरच नवल.

१९ ऑगस्ट १९४२ ला फ्रान्सच्या दिएप बंदरावर हल्ला केला, सहा हजारांच्या आसपास सैनिक, त्यातले पाच हजार कॅनडाचे. आधी जुलैत ठरलेला हल्ला रद्द झाला होता, तोच परत काढला. मोठ्या युद्धनौकांच्या तोफांचा मारा नाही, बॉम्बर विमानांचा जोरदार हल्ला नाही, समोर उंच कडे, आणि दगडगोट्यांच्या किनाऱ्यावर रणगाड्यांचे पट्टे जागीच फिरत राहिले. काही तासांत नऊशेच्या वर कॅनडियन मेले, एकोणीसशेच्या वर कैद झाले. तो आयुष्यभर म्हणत राहिला की दिएपला जे शिकलो त्यामुळे १९४४ ला फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरवल्या तेव्हा हजारोंचे जीव वाचले. मला हे पटत नाही. तोफांच्या माऱ्याशिवाय तटबंदी असलेल्या बंदरावर समोरून जाऊ नये हे शिकायला एवढी माणसं मारायची गरज नव्हती. अर्थात जबाबदार तो एकटा नव्हता, वरून मंजुरी होती आणि कॅनडाच्या सेनानींचीही हो होती, त्यामुळे खापर कोणाच्याच डोक्यावर नीट फुटलं नाही. आणि वर्षभरात याला आग्नेय आशियाचा सर्वोच्च सेनापती नेमलं, हुद्दा अॅडमिरल.

तिथे मात्र काम बरं केलं. श्रीलंकेत कँडीजवळ पेरादेनियाच्या बागेत हेडक्वार्टर, हजारोंचा स्टाफ, त्यावरून थट्टाही व्हायची. पण पावसाळ्यात लढाई थांबवायची नाही, मलेरियाकडे शत्रूइतकंच लक्ष द्यायचं, आणि वेढ्यात सापडलेल्यांनी माघार घ्यायच्या ऐवजी विमानातून रसद घेत टिकून राहायचं, या तीन गोष्टी त्याने लावून धरल्या. ब्रह्मदेशातली प्रत्यक्ष लढाई जनरल स्लिमची आणि त्याच्या चौदाव्या आर्मीची, जिच्यात आपली माणसं सर्वात जास्त होती. १२ सप्टेंबर १९४५ ला सिंगापूरला जपान्यांची शरणागती घ्यायला मात्र हाच पांढऱ्या ड्रेसमध्ये.

प्रश्न (वास्को): आपल्या नौदलाशी त्याचा पुढे काही संबंध राहिला का?

राहिला. तो फर्स्ट सी लॉर्ड असतानाच्या काळात, १९५७ मध्ये, भारताने हर्क्युलिस हे अर्धवट बांधून पडलेलं विमानवाहू जहाज विकत घेतलं. बेलफास्टला ते पुरं झालं आणि १९६१ मध्ये विक्रांत म्हणून आपल्या ताफ्यात आलं. मुंबईकरांनी नंतर ते बंदरात म्युझियम म्हणून पाहिलंय, २०१४ ला भंगारात गेलं. १९५७ चा हा सौदा झाला तोपर्यंत आपल्या नौदलाचे प्रमुख इंग्रजच असायचे बरं का. पहिले भारतीय प्रमुख राम दास कटारी झाले ते २२ एप्रिल १९५८ ला. नाशिकच्या ताईंनी मुलाला हे नाव जरूर सांगावं, कटारी हे मुंबईच्या डफरिन या ट्रेनिंग जहाजाच्या पहिल्या तुकडीतले, मागे ना राणी ना झार.

बाकी फर्स्ट सी लॉर्डच्या खुर्चीत माउंटबॅटनने दोन गोष्टी केल्या. पाणबुड्या अणुशक्तीवर न्यायच्या म्हणून अमेरिकेशी जमवून घेतलं, आणि १९५६ च्या सुएझ प्रकरणात, म्हणजे कालव्यासाठी इजिप्तवर चालून जायचं ठरलं तेव्हा, पंतप्रधान ईडनना लिहून कळवलं की हे करू नका. राजीनामाही देऊ केला, पण वरून हुकूम आला की जागेवर राहा, तो राहिला. यावर त्याला कोणी धीट म्हणतं, कोणी म्हणतं खुर्ची सोडवेना. त्या खुर्चीसाठी चाळीस वर्षं घालवली होती, मला दुसरं जास्त खरं वाटतं.

प्रश्न (बरेच जण): एडविना आणि नेहरू?

या सदरात नाही. नौदलापुरतं सांगतो. फेब्रुवारी १९६० मध्ये बोर्निओच्या दौऱ्यावर एडविना वारली. तिच्या इच्छेप्रमाणे पोर्ट्समथजवळ समुद्रात दफन केलं, रॉयल नेव्हीच्या वेकफुल जहाजावरून, आणि सोबत आपलं आयएनएस त्रिशूल होतं, नेहरूंनी पाठवलेली फुलं समुद्रात सोडायला.

प्रश्न (रत्नागिरी): त्याचा शेवट कसा झाला, आणि घराण्यात पुढे कोणी नौदलात गेलं का?

२७ ऑगस्ट १९७९. आयर्लंडमधल्या मुलाघमोर गावात सुट्टीवर होता, वय ७९, शॅडो फाइव्ह नावाच्या छोट्या बोटीतून खेकडे-शेवंडांच्या सापळ्यांकडे निघालेला. आयआरए या ब्रिटनविरोधी आयरिश सशस्त्र संघटनेने रात्रीच बोटीत बॉम्ब ठेवला होता, तो रिमोटने उडवला. सोबत चौदा वर्षांचा नातू निकोलस आणि बोटीवर काम करणारा पंधरा वर्षांचा स्थानिक पोरगा गेला, मुलीची ८३ वर्षांची सासू दुसऱ्या दिवशी गेली. त्याच दिवशी आयआरएने उत्तर आयर्लंडमधल्या वॉरनपॉइंटला १८ ब्रिटिश सैनिक मारले.

मुलगा नव्हता, दोन मुलीच, पण त्याची अर्लची पदवी मुलीकडे जाईल अशी तरतूद आधीच करून घेतली होती, त्यामुळे थोरली पॅट्रिशिया, जी त्याच बोटीत जबर जखमी झाली होती, ती काउंटेस झाली. नौदलात भाचा फिलिप होताच, लग्नानंतर तोही माल्टाला पोस्टिंगवर, मामा तिथेच. त्याचा मुलगा चार्ल्स सत्तरच्या दशकात पाच वर्षं होता, शेवटी एका सुरुंगशोधक जहाजाचा कमांडर, आणि धाकट्यांपैकी अँड्र्यू १९८२ च्या फॉकलंड युद्धात हेलिकॉप्टर चालवत होता.

पुढच्या अंकासाठी कान्होजी आंग्रे आणि त्यांच्या मुलांवर प्रश्न पाठवा, विजयदुर्गहून दोन पत्रं आधीच आलीत.